बॅटरीबाईंचा वाघ

सिनेमाच्या थिएटरात एकतीस वर्षं नोकरी करूनही बॅटरीबाईंनी एकसुद्धा सिनेमा पुरता पाहिलेला नव्हता. ऐकणाऱ्याला हसू फुटायचं, पण बाईंच्या तोंडावर हसायची कुणाची टाप नव्हती.

त्यांचं कामच तसं. खेळ सुरू झाल्यावर धापा टाकत येणाऱ्या मंडळींना बॅटरीच्या उजेडात त्यांच्या खुर्चीपर्यंत पोचवायचं. आणि उशिरा येणारी मंडळी तरी काय एकेक! कुणाचं तिकीट दुसऱ्या पँटीच्या खिशात राहिलेलं, कुणाची बायको आरशासमोरून हललेली नसे. एक गृहस्थ तर दर वेळी अर्धा तास उशिरा यायचे आणि खुर्चीत टेकल्या टेकल्या शेजाऱ्याला विचारायचे, "काय झालं आत्तापर्यंत?" पहिली वीस मिनिटं ही सगळी वरात मार्गी लावण्यात जायची. शेवटची पाच मिनिटं दारांच्या कड्या काढण्यात आणि जाड पडदे बाजूला बांधण्यात. बाईंच्या वाट्याला उरायचं ते मधलं. नायक-नायिकेची ओळख कुठे झाली ते ठाऊक नाही, पुढे त्यांचं जमलं की फिसकटलं तेही ठाऊक नाही. मधली भांडणं मात्र तोंडपाठ. "माझ्या गोष्टींना नुसतं पोट आहे," असं त्या स्वतःच म्हणायच्या. "डोकं नाही आणि शेपूटही नाही."

बॅटरी धरायचीसुद्धा एक रीत असते. ती कमरेच्या खाली धरायची, काचेवर दोन बोटं आडवी ठेवायची म्हणजे झोत पसरत नाही, आणि उजेड पाडायचा तो जमिनीवरच. तोंडावर कधी नाही, गिऱ्हाइकाच्याही नाही आणि स्वतःच्याही नाही. हा नियम बाईंच्या इतका हाडीमाशी मुरला होता की घरची वीज गेली तर त्या पाहुण्यांच्या चपलांकडे बघूनच बोलायच्या. "पायाखाली बघा, पायरी आहे," हे वाक्य त्या झोपेतही म्हणतात, असं त्यांची सून सांगते. आणि सून काही सासूबद्दल उगाच चांगलंवाईट पसरवणाऱ्यातली नाही. निदान चांगलं तरी नाही.

चार वर्षांपूर्वी बाई निवृत्त झाल्या तेव्हा थिएटरवाल्यांनी त्यांना निरोपाची भेट काय द्यावी? बॅटरीच. पांढरी, चकचकीत, पाण्याने भरलेल्या बाटलीएवढी जड. बाईंनी ती त्या दिवशी जी पर्समध्ये टाकली, ती मग भाजी आणायला जातानाही बाहेर काढली नाही.

निवृत्त झाल्यावर तरी सिनेमा बघायचा? लोक विचारायचेच. बाई म्हणायच्या, "एकटीने बसून बघायला मी काय तपासणीवर आहे?" त्यांच्या मनात एकच गोष्ट होती, आणि ती त्यांनी फारशी कुणाला सांगितली नव्हती. एकदा, फक्त एकदा, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत सिनेमा बघायचा. तोही आपल्या थिएटरात. शेजारच्या खुर्चीत आपला मुलगा हवा, त्याच्या पलीकडे सून आणि नातवंडं.

अडचण होती ती मुलाचीच.

मुलगा आता छत्तीस वर्षांचा, दोन पोरांचा बाप. पण चार वर्षांचा असताना थिएटरात घाबरला होता, तो आजतागायत पुन्हा आत गेला नव्हता. झालं होतं असं. मुलाचे वडील तेव्हा परगावी नोकरीला. पोराला सांभाळणारी शेजारीण त्या दुपारी आजारी पडली. मग बाई पोराला घेऊनच कामावर आल्या. मधल्या वाटेच्या कडेला एका रिकाम्या खुर्चीत त्याला बसवलं, हातात बिस्किटांचा पुडा दिला, म्हणाल्या, "हलायचं नाही हं, मी येतेच." आणि गेल्या गिऱ्हाइकं बसवायला. अर्ध्या तासाने सवड काढून बॅटरी घेऊन पोराला बघायला येताहेत, तोच पडद्यावर एक वाघ झुडपातून बाहेर आला आणि त्याने जबडा वासून डरकाळी फोडली. पोराने किंकाळी मारली. आईने हाक मारली, तशी ते आणखीनच बिथरलं, खुर्चीतून उडी टाकून जे पळत सुटलं ते दाराच्या पितळी मुठीवर कपाळ आपटूनच थांबलं. तीन टाके पडले. पुढे आठ दिवस ते आईचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपून बघायचं. नाक, डोळे, हनुवटी, पुन्हा नाक. बाईंना रडू यायचं. वाघाने आपल्या आईला खाल्लं तर नाही ना, हे लेकरू तपासतंय, दुसरं काय!

झालं, बाईंनी वाघाला घरातून कायमचं हद्दपार केलं. पुस्तकांतली वाघाची पानं डिंकाने चिकटवली. कुणी वाघाचं चित्र असलेलं दप्तर भेट दिलं, ते बाईंनी परस्पर भाचीला देऊन टाकलं. प्राणिसंग्रहालयात गेले तर बाई पोराला हत्तीकडून थेट माकडांकडे न्यायच्या, मधे वाघाचा पिंजरा लागू नये म्हणून अख्ख्या बागेला वळसा घालून. आणि या सगळ्याबद्दल घरात चकार शब्द नाही. जखमेवरची खपली कशाला काढा?

पोरगा मोठा झाला आणि त्याने दुकान काढलं ते कशाचं? दिव्यांचं. टांगायचे दिवे, भिंतीवरचे दिवे, कपाटाच्या आत लावायचे दिवे. घरात तर असा उजेड की झुरळालाही दोन मिनिटं निवांत बसायला कोपरा मिळू नये. वर हे महाशय गिऱ्हाइकांना सांगणार, "अंधाराने डोळे बिघडतात." शेजारीपाजारी म्हणायचे, माणूस धंद्याचा पक्का. बाई ऐकून घ्यायच्या. त्यांना ठाऊक होतं, हे सगळे दिवे त्यांच्या एका दुपारचे आहेत.

आता नातवंडं. नात सात वर्षांची, तिला सगळे मुंगी म्हणतात, कारण ती एका जागी ठरत नाही आणि लागली की चावते. नातू चार वर्षांचा, त्याचं नाव बोका, आणि त्याला एकदा बघितलं की कारण विचारावं लागत नाही. बापाच्या कृपेने दोघांनीही सिनेमा कधी पाहिला नव्हता. शाळेतून मुंगी एक दिवस तणतणतच आली.

"आजी, तू सिनेमात होतीस ना?"

"सिनेमात नव्हे गं, थिएटरात."

"मग एक सिनेमा सांग."

बाईंनी सांगायला घेतला. एक माणूस होडीत बसून दुसऱ्या माणसाशी भांडतोय, होडीला भोक पडलंय.

"पण तो होडीत कशाला गेला?"

"ते मला नाही माहीत, तेव्हा मी दारात होते."

"मग शेवटी ते बुडतात का?"

"तेव्हापण मी दारात."

मुंगीने कमरेवर हात ठेवले. "मग तू आत होतीस कधी?"

सुनेने हे स्वयंपाकघरातून ऐकलं आणि त्याच शनिवारपासून तिने मोहीम काढली. सून तलावावर पोहायला शिकवते. पाण्याला भिणारी दांडगी दांडगी माणसं तिने पाण्यात उतरवली आहेत. तिची पद्धत ठरलेली. पहिल्या दिवशी नुसते पाय बुडवायचे. मग गुडघे, मग कंबर. कुणाला ढकलायचं नाही, कुणाला हसायचं नाही आणि "बाहेर येतो" म्हटलं की लगेच बाहेर येऊ द्यायचं. तिने सिनेमालाही तोच हिशोब लावला. पहिल्या शनिवारी दुपारी घरच्या टीव्हीवर दहाच मिनिटं, पडदे उघडे, दिवे लखलखीत. दुसऱ्या शनिवारी वीस मिनिटं. मग खिडकीचा अर्धा पडदा ओढायचा. रिमोट पोरांच्या हातात. कुणीही "थांब" म्हटलं की चित्र थांबणार, आणि ज्याने थांबवलं त्याने सांगायचं की काय खटकलं.

सिनेमा होता नदीवर नाव चालवणाऱ्या एका अस्वलाचा. बाई टपून बसल्या होत्या, अस्वल गुरगुरलं की बोका आता रडेल, मग रडेल. अस्वल गुरगुरलं, दात दाखवले, नाव उलटली. बोका बिस्किट चावत बसला. मग वाऱ्याने अस्वलाची टोपी उडून पाण्यात पडली, आणि बोक्याने जो टाहो फोडला, तो ऐकून शेजारच्या बाई दार वाजवून विचारायला आल्या.

"काय झालं बाळा? अस्वलाची भीती वाटली?" बाईंनी त्याला पोटाशी घेतलं.

"टोपी!" बोका हुंदके देत होता. "टोपी एकटीच गेली!"

"टोपीला काय होतंय रे?" मुंगीने विचारलं. हसू दाबून, कारण हसायचं नव्हतं.

सून म्हणाली, "आई, पोरं कशाला भितील ते आपल्याला कधीच कळत नाही. तलावावर एक मुलगा पाण्याला नाही, तळाच्या निळ्या फरशीला भ्यायचा. म्हणून विचारायचं, अंदाज बांधायचा नाही." बाईंनी मान डोलावली. असल्या शहाणपणाच्या गोष्टी आपल्याला लागू असतात असं कुणाला वाटतं? त्यांनाही वाटलं नाही.

मुलगा या शनिवारांत कुठे असायचा? पहिल्या शनिवारी स्वयंपाकघरात, चांगल्या चालत्या नळाचा वॉशर बदलत. दुसऱ्या शनिवारी पान्हा हातात घेऊन दारात उभा. तिसऱ्या शनिवारी दाराशी स्टुलावर. चौथ्या शनिवारी तो सोफ्याच्या हातावर टेकला होता आणि पाचव्या शनिवारी चक्क सोफ्यात, मांडीवर बोका, खिडकीचे पडदे ओढलेले, घरात फक्त पॅसेजमधला एक दिवा चालू. बाई चष्म्यावरून सुनेकडे बघत राहिल्या. सून टीव्हीकडे बघत होती आणि गालातल्या गालात हसत होती. लबाड! शिकवत होती पोरांना आणि पाण्यात उतरवत होती नवऱ्याला.

त्या संध्याकाळी तिने विषय काढला. "रविवारी सकाळी थिएटरात लहान मुलांचा खेळ असतो. जायचं का सगळ्यांनी?"

मुंगी उड्या मारायला लागली. मुलाने चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाला, "दाराजवळची खुर्ची मिळेल का, आई?"

"मिळेल की," त्या म्हणाल्या. "मी सांगितल्यावर न द्यायला काय झालं?"

शुक्रवारी बाई तिकिटं काढायला स्वतः गेल्या. दारावर त्यांचा जुना सोबती होता. हे डोअरकीपर काका बाईंच्याही आधीपासून तिथे आहेत आणि सगळ्या गावाच्या खबरी त्यांना तिकिटाचा तुकडा फाडता फाडता मिळतात.

"या बाई! चार वर्षांनी आठवण आली होय? सुनेशी भांडून आलात का?"

"तुमच्यासारखं नाही, माझं घरात पटतं. रविवारची पाच द्या. शेवटची ओळ, दाराकडची."

"पाच? म्हणजे चिरंजीवही?" काकांनी भुवया कपाळात नेल्या. त्या दुपारी पोराचं रक्त पुसायला रुमाल त्यांनीच दिला होता. "बरं झालं हो. देवच पावला म्हणायचा."

बाई तिकिटं घेऊन वळल्या आणि भिंतीवरच्या जाहिरातीसमोर थबकल्या. एक बदकीण टपालाची पिशवी गळ्यात अडकवून चालली होती. आजूबाजूला फुलं, ससे, एक कासव. छान होतं. पण उजव्या कोपऱ्यात, झाडाच्या बुंध्यामागून, एक शेपूट डोकावत होती. पिवळी. त्यावर काळे पट्टे.

"काका," बाईंचा आवाज एकदम बारीक झाला, "ही शेपूट कुणाची?"

"कुणाची म्हणजे? वाघाची. झेब्र्याची पिवळी असते का कधी?"

"कधी येतो तो?"

"येतो मध्यंतरानंतर वीस मिनिटांनी. मोठी डरकाळी आहे, मागच्या रविवारी लोकांच्या हातचे पॉपकॉर्न उडाले. नंतर कळतं की तो..."

"शेवट नका सांगू!" बाई ओरडल्या. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना एखाद्या सिनेमाचा शेवट बघायला मिळणार होता, तो काय तिकिटाच्या खिडकीशी ऐकायचा?

पुढचे दोन दिवस बाईंना अन्न गोड लागेना. सांगावं, तर मुलगा येणार नाही. न सांगावं, तर पुन्हा तीच दुपार, आणि या वेळी पोरांच्या डोळ्यांदेखत. बाप किंचाळत पळाला तर ही पोरं जन्मात थिएटरचं नाव काढणार नाहीत. शेवटी बाईंनी बेत शिजवला. मध्यंतरात बोक्याला दोन ग्लास सरबत पाजायचं. पंधरा मिनिटांनी त्याला शू लागणार म्हणजे लागणारच, तो काही पोटाचा कच्चा नाही पण बाकीचा कच्चा आहे. मग मुलाला म्हणायचं, "जा रे, घेऊन जा त्याला." वाघ येऊन जाईल, बापलेक बाथरूममध्ये असतील. बाईंना आपल्या डोक्याचं कौतुकच वाटलं.

रविवारी पाचही जण वेळेआधी पोचले. उशीर करायची बाईंच्या घरात कुणाची हिंमत होती? शेवटची ओळ. दाराकडच्या कडेला मुलगा, त्याच्या शेजारी बाई, मग बोका, सून आणि मुंगी. दिवे हळूहळू मंद व्हायला लागले तसे बाईंनी मुलाकडे तिरप्या नजरेने पाहिलं. त्याने खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले होते, बोटांची पेरं पांढरी. सून पलीकडून कुजबुजली, "नुसते पाय बुडव." तो कसंनुसं हसला. पण बसला.

आणि मग पडद्यावर पहिलं अक्षर उमटलं. बाईंनी ते दोनदा वाचलं. सिनेमाला सुरुवात असते, आणि ती इतकी शांत असते, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. बदकीण सकाळी उठते, पिसं झटकते, पिशवीचा बंद तपासते. त्यातच उशिरा आलेलं एक कुटुंब अंधारात ठेचकाळत गेलं, तर बाईंचा पाय आपोआप उठायला लागला. त्यांनी तो दुसऱ्या पायाने दाबून धरला.

मध्यंतर झालं. बोक्याने सरबताचे दोन ग्लास रिचवले आणि तिसऱ्याकडे बघितलं. बाई घड्याळावर डोळा ठेवून होत्या. पंधरा मिनिटं झाली, बोका निवांत. सोळा. सतरा. अठराव्या मिनिटाला बोका खुर्चीत वळवळला. "शू."

"जा रे, घेऊन जा त्याला," बाईंनी मुलाला कोपराने ढोसलं.

"मला आजीच पाहिजे," बोका म्हणाला.

"अरे, बाबांबरोबर जा ना शहाण्या..."

"आजीच!" आता पुढच्या ओळीतली डोकी वळली. बोक्याने पाय आपटायला सुरुवात केली. काय करणार? बाईंनी त्याला दंडाला धरून बाहेर नेलं. बाथरूम लांब, बोक्याच्या पँटीची गुंडी घट्ट, आणि या कार्ट्याला हात धुताना साबणाचे फुगे काढायचे होते. बाईंच्या कानात दुरून डरकाळी घुमली. त्यांनी बोक्याला ओल्या हातांनीच ओढलं आणि आत शिरल्या. आतला काळोख डोळ्यांत गेला आणि एकतीस वर्षांचा हात पर्समध्ये गेला. बॅटरी कमरेखाली, काचेवर दोन बोटं, उजेड जमिनीवर.

मुलगा जागेवर होता. पडदाभर वाघाचा जबडा पसरलेला होता, आणि हा माणूस पॉपकॉर्न खात होता! पॉपकॉर्न! बाईंना स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना. त्या भराभर पुढे निघाल्या. तेवढ्यात त्याची नजर वळली ती बॅटरीच्या उजेडाकडे, आणि त्याच्या हातातला पुडा खाली पडला. तो अर्धवट उठला. पुन्हा बसला. दाराकडे बघितलं. चेहरा कागदासारखा पांढरा.

"अरे, खोटा आहे तो वाघ!" बाई म्हणाल्या. घाबरलेल्या आईचा आवाज कुजबुजण्यात मावत नाही, सगळ्या थिएटरने ऐकला. कुणीतरी फिस्सकन हसलं.

"कुठला वाघ?" मुलाने विचारलं. "आई, ती... ती बॅटरी..."

"आजी, तू कुठेयस?" ओळीच्या टोकाकडून मुंगी म्हणाली. "नुसता उजेडच आलाय. तू दिसतच नाहीस."

"हो," मुलगा म्हणाला. श्वास लागल्यासारखा. "तेच. अगदी तेच."

बाई वाटेतच थिजल्या. हातातल्या उजेडाकडे बघितलं. जमिनीवर एक पिवळा गोल, त्यात स्वतःच्या चपला आणि बोक्याचे बूट. त्याच्या वर काळोख. कमरेच्या वर बाई नव्हत्याच.

चार वर्षांच्या पोराला काय दिसलं असेल? काळोखातून एक उजेड तरंगत येतोय. त्याच्यावर कुणी नाही. आणि त्यातून आईचा आवाज येतोय.

मग बाईंनी जन्मभराचा नियम मोडला. बॅटरी उलटी केली आणि आपल्या तोंडावर मारली. हनुवटीखालून. आता हनुवटीखालून उजेड पडला की पासष्टीला आलेल्या बाईचं काय होतं? नाकाचा डोंगर झाला, डोळ्यांच्या जागी दोन विहिरी, आणि पुढचा पडलेला दात नेमका चमकला. बोका आनंदाने किंचाळला. मुंगी हसता हसता सुनेच्या मांडीवर कोसळली. आणि त्या दोघांच्या वर एक हसू आलं, जाड, मोकळं, पोटातून उसळलेलं. बाईंनी ते ओळखलं, पण इतक्या काळोखात त्यांनी ते पूर्वी कधी ऐकलं नव्हतं.

"ओ बाई!" पुढून एक गृहस्थ ओरडले. "बॅटरी बंद करा! थिएटरात कसं वागायचं कळत नाही का?"

दारातून डोअरकीपर काका धावत आले. "कोण बॅटरी लावतंय? चला, बाहेर... अरे, तुम्ही?" त्यांनी कपाळाला हात लावला. "बाई, तुम्हीसुद्धा?"

"बसते, बसते," बाई म्हणाल्या, आणि एकतीस वर्षं लोकांना दटावलेली ती बाई मान खाली घालून खुर्चीत शिरली. मुलाने तिच्या हातातून बॅटरी काढून घेतली आणि स्वतःच्या खिशात ठेवली.

"मला वाटलं होतं तू संपलीस," तो कानाशी म्हणाला. "म्हणजे, विरघळलीस. नुसता उजेड उरलाय, आणि आता जन्मभर तोच आपल्याला जेवायला वाढणार."

"आणि वाघ?"

"कुठला वाघ? त्या सिनेमात वाघ होता?"

बत्तीस वर्षं! चिकटवलेली पानं, भाचीला दिलेलं दप्तर, अख्ख्या बागेला घातलेला वळसा. "अरे मेल्या, मग इतकी वर्षं तू एकदा तरी विचारलं का नाहीस, आपल्याकडे वाघ का नाही म्हणून?"

"मला वाटायचं, तुलाच वाघाची भीती आहे. तू पिंजऱ्याकडे फिरकायचीदेखील नाहीस. म्हटलं, कशाला आईला लाजवा?"

बाईंनी तोंडात बोळा कोंबावा तसा रुमाल कोंबला. हसू की रडू, ते त्यांचं त्यांना कळेना. खांदे मात्र गदगदत होते. सून पलीकडून वाकली. "तुम्ही दोघं गप्प बसता का? इथे लहान मुलं सिनेमा बघतायत."

दोघं गप्प बसले. मुलाचे हात आता खुर्चीवर नव्हते. एका हाताने त्याने सुनेकडचा पॉपकॉर्नचा पुडा मागून घेतला होता, दुसरा बाईंच्या मनगटावर नुसता टेकला होता. वाघाला त्याचं पत्र मिळालं. बदकीण दमली. संध्याकाळचं सोनेरी आभाळ पडद्यावर आलं, संगीत संथ झालं, आणि बाईंच्या अंगाने ते ओळखलं. पाच मिनिटं राहिली. कड्या. पडदे. बाई उठून उभ्याही राहिल्या.

मनगटावरचा हात घट्ट झाला. "बस ना, आई. उघडेल कुणीतरी."

बाई बसल्या. बदकीण घरी पोचली, पिशवी खुंटीला लावली, आणि पिशवीच्या तळाशी एक पत्र उरलं होतं ते तिचं स्वतःचंच निघालं. मग नावं सुरू झाली. लोक उठले, खुर्च्या खडखडल्या, पोरं वाटेत सांडली. बाई हलल्या नाहीत. खालून वर जाणारं एकेक नाव त्या वाचत राहिल्या. कुणी रंग भरले, कुणी दोऱ्या ओढल्या, कुणी चहा दिला. शेवटच्या ओळीनंतर पडदा कोरा झाला, तेव्हा रिकाम्या थिएटरात पाचच जण बसलेले होते आणि काका झाडूवर हनुवटी टेकून त्यांच्याकडे बघत होते.

"झाला एकदाचा पुरता बघून?" काकांनी विचारलं.

"कुठला पुरता!" बाईंना एकदम आठवलं. "या बोक्याने साबणाचे फुगे काढले आणि माझं मधलं सगळं गेलं. वाघ आला कुठून? बदकीण भ्याली का? मला काही कळलेलं नाही."

"मी सांगते!" मुंगी खुर्चीवर उभी राहिली.

"मी!" बोका म्हणाला. तो तर बाथरूममध्येच होता, पण तेवढ्याने त्याचं कधी अडलंय?

"थांबा, मी सांगतो," मुलगा म्हणाला. "डरकाळीपर्यंत सगळं मी बघितलंय." आणि तो अंधारातच, खुर्चीत पाय वर घेऊन, दोन्ही हातांनी जबडा करून सांगायला लागला. काकांनी दिवे लावायला बटणाकडे हात नेला होता. बाईंनी त्यांना खूण केली, राहू द्या थोडा वेळ.